एकाची कथा, चौघांचे कथन

भाईंदर पश्चिमेला जे जुने चर्च आहे ते नाझरेथमातेच्या नावाचे. तेथून उत्तनच्या बसमध्ये बसले, मुर्धा, राई, मोर्वा ही गावे मागे टाकून डोंगरीला उतरले, की तेथले चर्च बेथलेहेममातेच्या नावाचे. मिठागरे आणि कोळीवाडे यांच्या या पट्ट्यात पोर्तुगीज अमलापासून ख्रिस्ती वस्ती आहे. वसई १५३४ साली पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ साली मराठ्यांनी ती घेतली, पण तेव्हाही ही माणसे आपापल्या गावी राहिली. त्यांच्या शेजारी राहणारे, त्यांच्या शाळांत मुले घालणारे आमच्यातले कितीतरी लोक रोज ही दोन नावे वाचतात. पण नाझरेथ आणि बेथलेहेम ही दोन गावे कोणती, आणि येशूचे गाव नेमके कोणते, हे विचारले तर आम्ही गप्प होतो.

गंमत अशी, की या प्रश्नाला बायबलमध्येही एकच उत्तर नाही. मत्तयाच्या सुवार्तेत मरीया आणि योसेफ पहिल्यापासून बेथलेहेमचे रहिवासी वाटतात. बाळ तेथे जन्मते, पूर्वेकडचे विद्वान त्याला एका घरात भेटतात. मग हेरोद राजाच्या भयाने कुटुंब मिसर देशात पळते आणि परतताना भीतीपोटी बेथलेहेम सोडून नाझरेथला नव्याने बिऱ्हाड करते. लूकच्या सुवार्तेत मात्र ते मुळात नाझरेथचे आहेत. शिरगणतीसाठी बेथलेहेमला जातात, उतरायला जागा नाही म्हणून बाळाला गव्हाणीत ठेवावे लागते, मेंढपाळ पाहायला येतात, आणि विधी आटोपून कुटुंब आपल्या गावी परत जाते. येथे विद्वान नाहीत, मिसर नाही. तेथे मेंढपाळ नाहीत, गव्हाण नाही. नाताळात आपण जे देखावे पाहतो त्यांत दोन्ही कथा एकत्र मांडलेल्या असतात.

वाचकहो, आज हा विषय घेण्याचे कारण आहे. आमचे तरुण आता वाचू लागले आहेत, ही आनंदाची गोष्ट. पण अर्धे वाचून वाद घालण्याची सवयही वाढली आहे. चार ग्रंथांत चार तऱ्हा दिसल्या, की सगळे थोतांड, असा निकाल पाच मिनिटांत लागतो आणि शेजारच्या ख्रिस्ती मित्राच्या तोंडावर तो फेकलाही जातो. दुसरीकडे, आमच्याच पोथ्या-पुस्तकांतल्या तफावतीवर कोणी बोट ठेवले तर आम्हाला राग येतो. ही दोन मापे झाली. ग्रंथ कोणाचाही असो, निकाल देण्याआधी एक साधा प्रश्न विचारावा, असे आमचे म्हणणे आहे. तो प्रश्न म्हणजे, हे कोणासाठी लिहिले?

कारकुनी करणाऱ्याला हे समजायला अवघड जाऊ नये. एखाद्या गृहनिर्माण संस्थेची पाण्याची टाकी फुटली असे धरा. सचिव त्याबद्दल नगरपालिकेला अर्ज लिहितो, सभासदांसाठी फळ्यावर सूचना लावतो आणि वर्षअखेरीच्या अहवालातही एक परिच्छेद घालतो. घटना एक, लिहिणारा एक. तरी अर्जात तारीख, इमारत क्रमांक आणि मागणी येते. सूचनेत पाणी कधी येणार हे येते. अहवालात खर्चाचा आकडा येतो. तीन कागद शेजारी ठेवले तर शब्द जुळणार नाहीत, म्हणून सचिव लबाड ठरत नाही. मात्र टाकी कोणत्या तारखेला फुटली याबद्दलच दोन कागद वेगळे बोलू लागले, तर तपासणी करावीच लागते. श्रोत्यामुळे पडलेला फरक आणि खरी विसंगती या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, एवढे ध्यानात ठेवून पुढे जाऊ.

आधी मूळ माहिती. येशू अरामी भाषा बोलत होता. चारही सुवार्ता मात्र ग्रीक भाषेत आहेत, कारण त्या काळी भूमध्य समुद्राभोवतीच्या शहरांत तीच सर्वांची व्यवहाराची भाषा होती. येशूला इसवी सन ३० च्या सुमारास क्रुसावर मारले. पौलाची पत्रे इसवी सन ५० नंतरच्या दशकातली, म्हणजे सुवार्तांच्याही आधीची. सुवार्ता त्यानंतर आल्या. बहुतेक अभ्यासक मार्कची सुवार्ता इसवी सन ७० च्या आसपास, मत्तय आणि लूक यांच्या ८० ते ९० च्या दरम्यान आणि योहानाची पहिल्या शतकाच्या अखेरीस धरतात. मूळ मजकुरात लेखकाने आपले नाव कोठेही घातलेले नाही; मार्क, मत्तय, लूक, योहान ही नावे दुसऱ्या शतकातल्या परंपरेने जोडली. आम्हीही सोयीसाठी तीच वापरतो.

मार्कची सुवार्ता सर्वांत लहान, अवघे १६ अध्याय. येथे जन्मकथा नाहीच. बाप्तिस्मा देणाऱ्या योहानापासून एकदम सुरुवात होते आणि मग घटनांमागून घटना धावतात. हा लेखक वाचकाला काय समजावून सांगतो ते पाहण्यासारखे आहे. येशू एखादा अरामी शब्द बोलला तर मार्क लगेच त्याचा अर्थ देतो. यहुदी लोक जेवणापूर्वी हात धुण्याचा विधी कसा पाळतात, भांडी कशी शुद्ध करतात, हे ७ व्या अध्यायात थांबून सांगतो. गरीब विधवेने दानपेटीत टाकलेली दोन बारीक नाणी म्हणजे रोमन हिशेबात किती, तेही सांगतो. ज्याला हे सारे सांगावे लागते तो वाचक यहुदी नव्हे, परका आहे, आणि रोमन नाणे त्याच्या हातातले आहे. म्हणून हा ग्रंथ रोममधल्या ख्रिस्ती मंडळींसाठी लिहिला असे जुनी परंपरा म्हणते. काही अभ्यासक सिरियाकडे बोट दाखवतात. काळ संकटाचा होता. इसवी सन ७० मध्ये रोमन सैन्याने यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले. त्या सुमाराच्या या कथेत शिष्य वारंवार घाबरतात, चुकतात, पळून जातात. सर्वांत जुन्या हस्तलिखितांत तर हा ग्रंथ कबरीपासून भयाने पळणाऱ्या आणि कोणालाही काही न सांगणाऱ्या स्त्रियांपाशीच संपतो. पुढच्या ओळी नंतर जोडलेल्या आहेत. छळाच्या भीतीत जगणाऱ्या माणसाला हे वाचून वाटले असेल, की पहिले शिष्यही माझ्यासारखेच होते.

मत्तयाचा वाचक निराळा. त्याच्या ग्रंथाचे पहिलेच पान वंशावळीचे. अब्राहामापासून दावीद राजा, तेथून बाबेलचा बंदिवास आणि तेथून येशू, अशा १४-१४ पिढ्यांच्या तीन ओळी त्याने मांडल्या आहेत. परक्या माणसाला ही नावे कंटाळवाणी वाटतील. यहुदी माणसाला मात्र ती आपल्या घराण्याच्या कागदासारखी वाटणार. जुन्या संदेष्ट्यांनी सांगितलेले कसे खरे झाले, हे मत्तय पुन्हा पुन्हा दाखवतो. हात धुण्याचा तोच वाद त्याच्या १५ व्या अध्यायात आहे, पण विधीचा खुलासा नाही, कारण त्याच्या वाचकाच्या घरी तो रोज घडत होता. मिसरला जाणे, परत येणे, डोंगरावर चढून लोकांना नियम सांगणे, हे वाचताना यहुदी माणसाला मोशे आठवल्याशिवाय राहणार नाही.

त्याच वंशावळीत आमच्या भगिनींनी पाहावी अशी एक गोष्ट आहे. पुरुषांच्या त्या लांबलचक यादीत मरीयेच्या आधी चार स्त्रिया येतात. तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची बायको. राहाब कनानी, रूथ मवाबी, म्हणजे परक्या; आणि चौघींच्याही कथा समाजाने नाक मुरडावे अशा. आपल्याच लोकांसाठी लिहिणाऱ्या या लेखकाने आपल्याच लोकांना पहिल्या पानावर आठवण दिली, की तुमच्या राजघराण्याचे रक्त तुम्ही समजता तसे एकाच जातीचे नाही. वाचक ओळखीचा असला की त्याला टोचणीही देता येते.

लूक आपला वाचक नाव घेऊन सांगतो. थियफील नावाच्या माणसाला तो आदराने संबोधतो, जसे एखाद्या अधिकाऱ्याला संबोधावे. आधी अनेकांनी हा वृत्तांत लिहिला आहे, पण आपण सर्व मुळापासून तपासून नीट क्रमाने लिहीत आहोत, असे सुरुवातीलाच सांगतो. म्हणजे आपल्यापुढे आधीची साधने होती, हे तो स्वतःच नोंदवतो. त्याचा वाचक शिकलेला, ग्रीक संस्कारातला, शहरी. त्याची वंशावळ अब्राहामापाशी थांबत नाही. ती मागे आदामापर्यंत जाते. अब्राहाम यहुद्यांचा बाप, आदाम सर्व माणसांचा. एवढ्या एका फरकातून दोन ग्रंथांची दिशा समजते.

लूकने वाचकासाठी केलेली एक बारीक दुरुस्ती आमच्या फार आवडीची आहे. पक्षाघाताच्या रोग्याला चौघे जण घेऊन येतात, दारात गर्दी, म्हणून छपरावरून त्याला खाली सोडतात, ही कथा मार्कच्या २ ऱ्या अध्यायात आहे. तेथे ते छप्पर खणतात. पॅलेस्टाइनमधली घरे धाब्याची, फांद्या आणि मातीची, तेव्हा ते खणावेच लागणार. लूकच्या ५ व्या अध्यायात तेच लोक कौलांमधून रोग्याला सोडतात. शहरी ग्रीक वाचकाला छप्पर म्हटले की कौले दिसत. मत्तयाने तर छप्पर गाळूनच टाकले आहे. आता सांगा, यात कोणी कोणाला फसवले? विदर्भातल्या धाब्याच्या घराची गोष्ट कोकणातल्या मुलाला सांगताना आजीही असेच करील.

पण सगळेच फरक कौलांइतके निरुपद्रवी नाहीत. धन्य कोण, हे येशूने सांगितले त्या उपदेशाचे पाहा. मत्तयाच्या ५ व्या अध्यायात तो डोंगरावर बसून बोलतो आणि आत्म्याने दीन असणाऱ्यांना धन्य म्हणतो. लूकच्या ६ व्या अध्यायात तो सपाट जागी उभा आहे, समोरच्या गरिबांनाच तुम्ही धन्य असे म्हणतो, आणि पाठोपाठ श्रीमंतांना, पोटभर जेवलेल्यांना हाय हाय म्हणून बजावतो. आत्म्याने दीन होणे श्रीमंतालाही जमेल. लूकने सांगितलेली गरिबी मात्र पोटाची आहे. पुढे शतकानुशतके सुखवस्तू लोकांना मत्तयाचे वाक्य सोयीचे वाटले आणि भुकेल्यांना लूकचे. लूक ज्याच्यासाठी लिहितो तो थियफील बहुधा खाऊनपिऊन सुखी आहे, हे लक्षात घ्या. गरिबांची बाजू तो गरिबांना सांगत बसला नाही. ऐपत असलेल्याच्या हातात त्याने ती दिली. उधळ्या मुलाची कथा, परोपकारी शोमरोनी माणसाची कथा, श्रीमंताच्या दारात पडलेल्या लाजराची कथा, या तिन्ही फक्त लूकमध्येच आहेत. येशूबरोबर फिरणाऱ्या आणि आपल्या पैशातून सर्वांचा खर्च चालवणाऱ्या स्त्रियांची नावेही तोच ८ व्या अध्यायात देतो.

योहानाचा मार्ग तिघांपेक्षा वेगळा. वंशावळ नाही, गव्हाण नाही. सुरुवातच विश्वाच्या आरंभापासून आणि शब्द या तत्त्वापासून. ग्रीक तत्त्वज्ञान ऐकलेल्याला आणि यहुदी शास्त्र जाणणाऱ्याला, दोघांनाही हा शब्द ओळखीचा होता. रब्बी म्हणजे गुरू, असे साधे अर्थही तो देतो, म्हणजे त्याच्या श्रोत्यांत परके होते. आणि सभास्थानातून बाहेर काढले जाण्याची भीती तो ९ व्या अध्यायात सांगतो, त्यावरून अनेक अभ्यासक म्हणतात, की त्याच्या मंडळीत बहिष्कृत झालेले यहुदीही होते. वाचकांनी विश्वास ठेवावा म्हणून आपण लिहिले, हे तो शेवटी उघडपणे सांगतो.

योहानाच्या ४ थ्या अध्यायातली विहिरीची कथा आमच्या वाचकांनी अवश्य वाचावी. दुपारची वेळ, येशू थकून विहिरीवर बसला आहे, आणि पाणी भरायला आलेल्या शोमरोनी बाईकडे तो पाणी मागतो. ती चकित होते. तू यहुदी, मी शोमरोनी, आणि तू माझ्याकडे पाणी मागतोस? येथे योहान वाचकाला थांबवून सांगतो, की यहुदी शोमरोन्यांशी संबंध ठेवत नसत. त्या शब्दाचा अर्थ काही अभ्यासक असा लावतात, की त्यांची भांडी वापरत नसत. ज्या समाजाला २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर ओंजळभर पाण्यासाठी मोर्चाने जावे लागले, त्या समाजाला हा खुलासा करायची गरज नाही. आमच्या आजीला ही कथा सांगितली असती, तर योहानाची ती कंसातली ओळ तिने स्वतःच पुरी केली असती. श्रोता बदलला की कथेतला कोणता भाग बोलायचा आणि कोणता न बोलता पोहोचतो, हेही बदलते, ते असे.

इतके सांगितल्यावर, सर्व फरक श्रोत्याच्या खात्यावर टाकून मोकळे व्हावे काय? नाही. टाकी कोणत्या तारखेला फुटली हा प्रश्न उरतोच. मत्तयाच्या मते जन्म हेरोद राजाच्या हयातीत; हेरोद इसवी सनापूर्वी ४ मध्ये वारला असे इतिहासकार मानतात. लूकने ज्या क्विरीनियाच्या शिरगणतीचे नाव घेतले ती इसवी सन ६ मधली. मधे दहाएक वर्षांचे अंतर आहे. ते सांधण्याचे अनेक प्रयत्न झाले, पण बहुतेक इतिहासकारांना ते पटलेले नाहीत. ज्याला इतिहास हवा त्याने असे आकडे लपवू नयेत. आणि ख्रिस्ती पंडितांनीच गेली दोनशे-अडीचशे वर्षे हे आकडे सर्वांत कसून तपासले आहेत, हेही आमच्या तरुणांनी विसरू नये. आपल्या ग्रंथाची तपासणी आपणच करणे यात कमीपणा नाही.

श्रोता विसरला तर काय होते, याचे भयंकर उदाहरण मत्तयाच्या २७ व्या अध्यायात आहे. येशूला मारण्याची मागणी करणारा जमाव त्याच्या रक्ताची जबाबदारी स्वतःवर आणि आपल्या मुलाबाळांवर घेतो, असे तेथे लिहिले आहे. मत्तय स्वतः यहुदी परंपरेतला, आणि तो आपल्याच लोकांशी भांडत होता. घरातल्या भांडणात माणूस जे तिखट बोलतो तसले ते बोलणे. पुढे ग्रंथ यहुद्यांच्या हातून निघून इतरांच्या हाती गेला, त्या इतरांकडे राजसत्ता आली, आणि घरातल्या भांडणाचे ते वाक्य एका संपूर्ण समाजावरचा आरोप बनले. युरोपात शतकानुशतके यहुद्यांचा छळ करताना या आरोपाचा आधार घेतला गेला. दुसऱ्या महायुद्धात लक्षावधी यहुद्यांचा संहार झाला. त्यानंतर १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने जाहीर केले, की येशूच्या मृत्यूचा दोष त्या वेळच्या सर्व यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर सरसकट ठेवता येणार नाही. चूक दुरुस्त झाली, पण केवढ्या किमतीनंतर! हे कोणी कोणाला म्हटले, हा प्रश्न विद्वानांच्या करमणुकीचा नाही, हे यावरून कळावे.

चार ग्रंथांची कटकट नको, सगळे मिळून एकच करू, असे त्या काळीही काहींना वाटले. तातियन नावाच्या सिरियातल्या लेखकाने इसवी सन १७० च्या सुमारास चौघांचे मिळून एकसंध कथन तयार केले. सिरियाच्या चर्चमध्ये ते पाचव्या शतकापर्यंत वाचले जात होते. सोयीचे असूनही शेवटी ते मागे पडले आणि चार वेगळे ग्रंथच राहिले. विसंगती दिसतात हे ठाऊक असूनही चर्चने चार साक्षी ठेवल्या, एक केली नाही. आम्हाला यात मोठा शहाणपणा दिसतो. चार साक्षी असल्या की पुढच्या पिढीला ताडून पाहता येते. एकच ठेवली तर ती सोय जाते.

आता हा प्रश्न मराठी मुलखात आणू. मूळचे इंग्लंडचे जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले आणि तेथेच त्यांनी देह ठेवला. त्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली राचोलला छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या, भाषा मराठी, लिपी मात्र रोमन. धर्मांतरित लोकांच्या जुन्या पोथ्या बंद झाल्या होत्या, त्यांच्या कानाला पुराणाची सवय होती, म्हणून स्टीफन्स यांनी ख्रिस्ताची कथा पुराणाच्या घाटात घातली. स्वर्गाला त्यांनी वैकुंठ म्हटले. मार्कने अरामी शब्दाचा ग्रीक अर्थ द्यावा, तसेच हे. पण पुराणाचा घाट कोणाच्या सवयीचा, हेही विचारले पाहिजे. पुराण ऐकायला ज्यांना देवळाच्या आत जागा होती त्यांच्या ओळखीची ती शैली. गोव्यात धर्म बदलला तरी जाती टिकून राहिल्या, हे सर्वांना माहीत आहे.

पंडिता रमाबाईंनी याच्या उलट वाट धरली. १८८३ साली त्या ख्रिस्ती झाल्या, पुढे केडगावला मुक्ती मिशन उभे केले, आणि हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबल स्वतः मराठीत आणले. संस्कृत शास्त्रांत वाढलेल्या या विदुषीला अवघड पंडिती मराठी लिहिणे मुळीच कठीण नव्हते. पण समोर होत्या दुष्काळातून आणि घरच्या जाचातून सुटून आलेल्या, नुकते अक्षर शिकलेल्या बाया. त्यांना कळेल अशी सोपी भाषा रमाबाईंनी हट्टाने वापरली आणि जुन्या धर्मकल्पना चिकटलेले शब्द शक्य तेथे टाळले. म्हणजे स्टीफन्स यांनी जे शब्द ओळखीचे म्हणून घेतले, तसलेच शब्द रमाबाईंनी ओळखीचे म्हणूनच नाकारले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. संपूर्ण बायबल त्यानंतर प्रसिद्ध झाले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी आरंभलेले ख्रिस्तायन १९१९ साली त्यांच्या निधनाने अपुरे राहिले. त्याचे पुढचे बहुतेक अध्याय लक्ष्मीबाई टिळकांनी लिहिले. आणि आमच्या खाडीपलीकडच्या वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी सुबोध बायबल लिहिले, त्याला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२४ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या टीपा पाहा. ख्रिस्ती नसलेला मराठी वाचक समोर ठेवून त्या लिहिल्या आहेत. चारशे वर्षे, एकच कथा, एकच मराठी, आणि प्रत्येक वेळी समोरचा माणूस वेगळा.

हा विषय आमच्या घरापर्यंतही येतो. मे १९५० मध्ये महाबोधी सोसायटीच्या मासिकात बाबासाहेबांनी बुद्धाच्या धम्माच्या भवितव्यावर लेख लिहिला. त्यात त्यांनी पहिली गरज सांगितली ती बौद्धांच्या बायबलची. बौद्ध वाङ्मय अफाट. सामान्य माणूस ते कधी वाचणार? म्हणून त्याच्या हाती देता येईल असा एक ग्रंथ हवा, असा त्यांचा आशय होता. त्यातूनच त्यांचा बुद्ध आणि त्यांचा धम्म हा ग्रंथ झाला, जो त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्यात गृहत्यागाचे कारण म्हणून म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी ही चार दृश्ये नाहीत; २९ वर्षांच्या माणसाने तोवर हे पाहिलेच नसेल, हे त्यांना पटणारे नव्हते. तेथे आहे तो रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यातला तंटा. विचार करणारा, हक्कासाठी लढणारा आणि पाण्याचा अर्थ जाणणारा वाचक त्यांच्यासमोर होता. परंपरेची कथा का सोडली हे त्यांनी प्रस्तावनेत मोकळेपणी सांगितले, लपवले नाही. आणि भाषेचे म्हणाल, तर चुल्लवग्गात नोंद आहे, की बुद्धवचने छंदसात, म्हणजे वेदपाठी लोकांच्या भाषेत, आणण्याची विनंती दोन भिक्खूंनी केली, तेव्हा तथागतांनी ती फेटाळली आणि स्वतःच्या भाषेत धम्म शिकण्याची अनुज्ञा दिली.

म्हणून आमच्या तरुणांना सांगणे एवढेच, की जो प्रश्न दुसऱ्याच्या ग्रंथाला विचाराल तोच आपल्या ग्रंथालाही विचारा, आणि जेवढा धीर आपल्या ग्रंथासाठी ठेवता तेवढाच दुसऱ्याच्या ग्रंथासाठी ठेवा. सहज करता येईल असा एक अभ्यास सुचवतो. रविवारी दोन तास काढा. शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाकडून नवा करार मागून आणा, आनंदाने देतील. चार जोड्या शेजारी शेजारी वाचा. जन्मकथेसाठी मत्तय २ आणि लूक २. छपरासाठी मार्क २ आणि लूक ५. हात धुण्यासाठी मार्क ७ आणि मत्तय १५. धन्य कोण यासाठी मत्तय ५ आणि लूक ६. वहीत तीन रकाने आखा. कोणते शब्द वेगळे, कोणता खुलासा जास्त किंवा कमी, आणि त्यावरून समोरचा माणूस कोण असावा, हे लिहा. घरातल्या शाळकरी मुलांनाही हे जमते. झाल्यावर ती वही पुस्तक देणाऱ्या शेजाऱ्याला दाखवा आणि त्याचे मत विचारा. तो काही ठिकाणी मान्य करील, काही ठिकाणी करणार नाही. त्याचे म्हणणेही त्याच वहीत लिहून ठेवा.

आणि १४ एप्रिल जवळ आला, की वस्तीतल्या कार्यक्रमासाठी बाबासाहेबांचे चरित्र सांगायची पाळी आपल्यापैकी अनेकांवर येतेच. तेव्हा भाषण लिहायला बसण्यापूर्वी कागदाच्या माथ्यावर लिहा, समोर कोण बसणार आहे. पाचवीतली मुले, की कामावरून थकून आलेल्या बाया, की ज्यांनी बाबासाहेबांचे नावही नीट ऐकले नाही असे नवे शेजारी? मुलांना शाळेतल्या पाण्याची गोष्ट कळेल. बायांना हिंदू कोड बिल आणि १९५१ चा मंत्रिपदाचा राजीनामा सांगा. नव्या शेजाऱ्याला महाड म्हणजे काय, हे मार्कसारखे थांबून समजावून सांगा. वाचकाप्रमाणे छपराची कौले करायला हरकत नाही. तारीख आणि माणूस मात्र बदलू नका.